काही येत नसल्याचा दाखला

तीर्थरूप मामा यांना,

भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये साडेचार फूट जागा आहे आणि मी पाच फूट सात इंच आहे. त्यामुळे गुडघ्यापासून वर जेवढा बसला तेवढा पोचता करतो, बाकीचा उधार. तुमचं कसं चाललंय? गुडघा, बी.पी. आणि मामीशी अबोला, तिघांचीही चौकशी करतोय. मामी फोनवर म्हणाली, बी.पी. उतरलंय, अबोला चढलाय. कारण विचारलं तर म्हणाली, त्यांनाच विचार. तुम्हाला विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून विचारत नाही. तुमची स्वतःची कवळी अजून बोलताना वाजते का? (दुसऱ्याच्या तोंडात केसाएवढी फट न ठेवणारा माणूस स्वतःच्या तोंडात एकवीस वर्षं सैल दार आपटत फिरतो, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. घराण्याची अब्रू आहे.)

माझी तब्येत उत्तम आहे. माझ्या व्हिसाची नाही. त्याचे अडतीस दिवस उरलेत. त्यानंतर मी इथे परदेशात, दातांच्या लॅबमधल्या या टेबलाशी राहीन किंवा तुमच्या कवळ्यांच्या दुकानात परत दिसेन, तिसरी वाट नाही. व्हिसा काय असतो हे मागे तुम्हाला समजावायला गेलो, तेव्हा तुम्ही 'म्हणजे भाडेपट्टा' म्हणालात आणि फोन मामीच्या हातात दिलात. भाडेपट्टाच धरा. माझा पट्टा शिकण्याचा आहे. त्याला एक्स्चेंज व्हिसा म्हणतात, म्हणजे आपण त्यांना माणूस द्यायचा आणि त्यांनी आपल्याला शिकलेला माणूस परत करायचा. या पट्ट्यावर काम करता येत नाही, फक्त शिकता येतं. तेव्हा गेली तीन वर्षं मी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या लॅबमध्ये शिकतो, आणि शिकता शिकता रोज दोन कवळ्या तयार होतात. हा शिकण्याचा अपघात समजला जातो.

शिकवणारे आमचे मालक. भला माणूस. एकेका दाताची टोपी किंवा दोन दातांमधला पूल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण पूर्ण कवळी समोर आली की ते चष्मा काढून पुसायला घेतात आणि ती कवळी माझ्या टेबलावर येईपर्यंत पुसत राहतात. इथे आता ज्याच्या खिशाला झेपतं तो जबड्यात खिळे ठोकून दात बसवून घेतो. कवळी लावणारे एकेक करून म्हातारे झाले आणि त्यांनी कवळ्या लावल्या. (दुसऱ्यांना नव्हे, स्वतःला.) मी आलो तेव्हा मालकांच्या कपाटात मेण होतं, प्लास्टर होतं, दातांचे डबे होते, फक्त त्यांचं काय करायचं हे ठाऊक असलेलं कुणी नव्हतं. 'प्रशिक्षण योजना' नावाच्या कागदावर मात्र असं लिहिलंय की मालक मला पहिल्या वर्षी मेण शिकवतील, दुसऱ्या वर्षी दातांची मांडणी आणि तिसऱ्या वर्षी चावा. योजना मीच लिहिली. त्यांनी सही करण्याआधी विचारलं, 'चावा' म्हणजे नक्की काय?

इतके दिवस हे कुणी बघायला येत नव्हतं. दर वर्षी मालक एक कागद भरायचे, की हा अजून शिकतोय, आणि टपालाने पट्टा वाढून यायचा. मग नियम बदलले. एकदम नाही. आपल्या दुकानातला नळ गळायला लागला होता तसे, आधी थेंब. पहिला नियम फोटोचा आला: तोंड मिटलेलं हवं, दात दिसता कामा नयेत. ज्याच्या घरात दोन पिढ्या लोकांना दात दाखवण्यावर जेवल्या त्याने तोंड मिटून फोटो काढायचा. काढला. मग आलं, की फोनवर इंटरनेटच्या भिंतीवर पाच वर्षांत जे जे लावलं ते सगळं सरकारला उघडं करून दाखवा. उघडं केलं. माझ्या भिंतीवर तीनशे बारा फोटो निघाले, सगळे दातांचे, एकालाही चेहरा नाही. त्यावर कचेरीतून विचारणा आली, की हे लोक कोण आणि आता कुठे असतात. मग म्हणाले, टपालाने काही होणार नाही, आमचा माणूस प्रत्यक्ष येऊन बघेल की तुम्ही खरंच शिकताय का. शिकताय असं दिसलं तर एक वर्ष वाढेल. शिकून झालंय असं दिसलं तर पट्टा संपला.

कामाचा पट्टा वेगळा. त्याला निष्णात माणूस लागतो, असा की ज्याच्यासारखा इथे दुसरा मिळत नाही. पण शिकण्याच्या पट्ट्यावर आलेल्याने आधी दोन वर्षं आपल्या घरी जाऊन राहायचं आणि मग कामाच्या पट्ट्यावर यायचं, असा नियम आहे. ज्या धंद्यांत माणसं मिळत नाहीत त्यांची एक यादी होती, त्यांना ही दोन वर्षं माफ होती. आपला धंदा त्या यादीत होता. यंदा यादी छाटली आणि आपण उडालो. (घोड्यांचे नालवाले राहिले. घोड्यांना कुणीतरी वशिला लावलेला दिसतो.)

मालकांनी वकील गाठला. वकील उंच आणि उत्साही आहे, आणि कुठलीही वाईट बातमी हात चोळत सांगतो. तो म्हणाला, दोन्ही अर्ज टाकू. शिकण्याचा पट्टा वाढला तर उत्तम, वर्षभरात यादी पुन्हा बदलेल. नाही वाढला तर निदान दोन वर्षांनी परत यायची जागा धरून ठेवलेली बरी. दोन अर्ज, दोन कचेऱ्या, एकीचं तोंड दुसरी बघत नाही. मालकांनी एकाच दुपारी, एकाच पेनाने दोन पत्रांवर सह्या केल्या. पहिल्यात होतं, की या माणसाला अजून पुष्कळ शिकायचं आहे आणि त्याला एकट्याने कवळी सोपवणं धोक्याचं ठरेल. दुसऱ्यात होतं, की याच्या तोडीचा कवळीकार आम्ही पाहिलेला नाही. दुसऱ्या पत्रावर सही करताना ते जरा भावुक झाले. पहिल्यावर करताना मी झालो.

आणि मग दोन्ही कचेऱ्यांच्या तपासण्या एकाच दिवशी आल्या. गेल्या गुरुवारी. सकाळी दहाला शिकण्याची, दुपारी अडीचला निष्णातपणाची. वकिलाने हात चोळले. म्हणाला, सोपं आहे, सकाळी तुम्हाला येत नाही आणि दुपारी येतं. जेवणाच्या सुट्टीत माणूस बरंच शिकू शकतो.

सकाळसाठी त्याने सूचना देऊन ठेवल्या होत्या. दोन चुका करायच्या. एकच केली तर तयार वाटाल, तीन केल्या तर तीन वर्षं काय केलंत असं विचारतील. मालकांनी फडताळावरून सरावाचा जुना साचा काढला, वरचा आणि खालचा बोळका जबडा, प्लास्टरचा, कोपरे पिवळे पडलेले. म्हणाले, हा कुणाचाच नाही, याच्यावर काय वाटेल तो गोंधळ घाल. मी चुका ठरवून घेतल्या. एक, डावीकडची दाढ आत सरकवायची. दोन, पुढच्या मोठ्या दाताशेजारचा दात तिरपा लावायचा. शाळकरी चुका, आंधळ्यालाही दिसतील अशा.

तपासनीसबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, शांत, निळ्या फितीत अडकवलेला बिल्ला, हातात एक फाइल. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, चालू द्या, मी नाही असं समजा. मी दिवा लावला, चाकू तापवला, मेण मऊ केलं. इथपर्यंत ठीक होतं. मग मी सवयीने साच्यावरून अंगठा फिरवला, आणि मामा, तिथेच घोटाळा झाला. डावीकडचं हाड झिजलेलं होतं. उजवीकडे बोट अडतं तिथे डावीकडे घसरत होतं. तो जबडा कुणाचाच नाही असं मालक म्हणाले होते, पण ज्याचा होता त्याने आयुष्यभर डावीकडून चावलं होतं. उजवीकडे काहीतरी दुखत असणार आणि तो कुणाला बोलला नसणार. तुम्ही म्हणायचात, कुणाचंच नाही असं तोंड नसतं. मला तेव्हाही ते वाक्य आवडलं नव्हतं. गुरुवारी तर फारच राग आला.

डावीकडचं हाड इतकं झिजलेलं असलं की दाढ जरा आत घ्यावीच लागते, नाहीतर पहिल्या घासाला कवळी उचलते. म्हणजे माझी पहिली चूक बरोबर आली. घाबरून मी लगेच दुसरी केली, दात तिरपा लावला. आता तिरपा दात कसा लावायचा हे मी कुणाकडून शिकलो? प्रत्येक कवळीत एक दात किंचित वळवून ठेवणारा माणूस जगात एकच. (सरळ दात खोटा दिसतो, देव फुटपट्टी घेऊन बसत नाही. हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात आणि मला सांगायचात, की हा दात वळवायचाय, मोडायचा नाहीये, गाढवा.) हात आपोआप तिथे गेला आणि तेवढ्यावरच थांबला. मी मागे सरून बघितलं. दोन चुका करायला बसलो होतो आणि तीन वर्षांतली सगळ्यात चांगली कवळी झाली होती. मालक चष्मा पुसायला लागले.

बाईंनी ती उचलली, खिडकीजवळ नेली, उजेडात फिरवली. इथल्या खिडक्या पुसलेल्या असतात, हे जाता जाता सांगतो. दाताचा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा असतो म्हणून मी तुमच्यापाशी अकरा वर्षं डोकं फोडलं आणि तुम्ही अकरा वर्षं दुकानातली माझ्या टेबलासमोरची खिडकी पुसली नाहीत, कारण म्हणे दात डोळ्याने नाही, हाताने लावायचा असतो. असो. बाई कवळीकडे बघत म्हणाल्या, हा माणूस आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं. मालक म्हणाले, चुकून झालंय. बाईंनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि त्या गेल्या. दोन ओळींत काय असणार हे सांगायला वकील लागत नव्हता, तरी मालकांनी त्याला फोन केला. तो म्हणाला, हरकत नाही, एक दोरी तुटली, दुसरी आहे. दुपारी जीव ओतून काम करा.

दुपारसाठी मालकांनी माझं टेबल आवरलं आणि मला नवा पांढरा कोट घातला. त्याच्या घड्या उलगडल्या नव्हत्या, त्यामुळे मी पाकिटासारखा दिसत होतो. वकील स्वतः आला. नवा साचा, नवे दात, नवं मेण. अडीच वाजले, दार उघडलं आणि सकाळच्याच बाई आत आल्या. फक्त फीत लाल होती.

वकिलाचे हात चोळता चोळता थांबले. बाईंनी शांतपणे खुलासा केला, की पहिल्या तारखेपासून दोन्ही कचेऱ्या एक झाल्यात. दुसऱ्या कचेरीतले साहेब निवृत्त झाले आणि नव्या नियमात त्यांची जागा भरलेली नाही. मग त्यांनी मला माझं नाव विचारलं. मी सांगितलं. कुठून आलात विचारलं, तेही सांगितलं. तुम्हाला यापूर्वी कुठल्या तपासनिसाने पाहिलंय का? मी वकिलाकडे बघितलं. बाई म्हणाल्या, या फाइलपुरतं विचारतेय. मी नाही म्हणालो. त्यांनीही नाही असंच लिहिलं. सकाळच्या फाइलीत आमची ओळख होती, दुपारच्या फाइलीत नव्हती. मला ती बाई फार आवडली.

पण हात काही मला विचारून चालत नाहीत. दाखवण्यासाठी म्हणून मी आयुष्यात कधी दात लावला नव्हता. तुम्ही बघत असताना लावायचो, पण तुम्ही बघायचात ते चूक पकडायला, त्यामुळे हात सैल असायचा. जे काढूनच टाकायचंय त्याचं कसलं दडपण? इथे समोर बाई, मागे मालकांचा श्वास, बाजूला वकील, आणि मी पाकीट. मी एकेक दात पारखून, मोजून, ओळीत बसवला. झालं तेव्हा वरचे चौदा दात शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे उभे होते. खालचेही तसेच, समोरच्या शाळेतले. वळवायचा दात वळवायचं मी विसरलो. सगळे सरळ, सगळे स्वच्छ आणि सगळे खोटे. हा माणूस काही बोलण्याची शक्यता नव्हती. फार तर राष्ट्रगीत म्हणाला असता.

बाईंनी ती खिडकीपाशी नेली. दोनदा उजेडात फिरवली. मग हळूच विचारलं, सकाळच्यापेक्षा ही अशी का? विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की या फाइलीत सकाळ झालेलीच नाही. फाइलीत लिहायला घेतलेला तो प्रश्न त्यांनी खोडला, आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. ज्या फाइलीत मला येत नाही असं ठरायला हवं तिथे लिहिलंय की याला येतं. ज्या फाइलीत येतं असं ठरायला हवं तिथे लिहिलंय की याला अजून पुष्कळ शिकायचंय. दोन्ही शेरे खरे आहेत आणि दोन्ही चुकीच्या फाइलीत आहेत. वकील म्हणतो, बावीस वर्षांच्या वकिलीत असं त्याने पाहिलं नाही. हे सांगताना तो हात चोळत होता. त्याला पुन्हा तरतरी आली याचं मला बरं वाटलं.

बाकी सगळं ठीक आहे, काळजीचं काही कारण नाही. मामीला माझा नमस्कार सांगा, म्हणजे त्या निमित्ताने तिच्याशी एक वाक्य बोलणं होईल. अडल्या गिऱ्हाइकाला लोटू नका, आणि स्वतःच्या कवळीचं बघा.

तुमचा भाचा,
ज्याच्याबद्दल तुम्ही जे म्हणायचात ते आता सरकारदप्तरी आहे

ता.क. काळजीचं कारण असं. बाईंनी निघताना दोन्ही फाइली माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि लाल फितीचा बिल्लाही काढून पर्समध्ये, निळ्याच्या शेजारी टाकला. मग विचारलं, तुम्हाला हे काम येतं की येत नाही, हे नक्की कोण सांगू शकेल? मालक तोंड उघडणार होते, पण ते दोन सह्या करून बसलेत. मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "माझे मामा सांगतील." त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याकडून लिहून आणा. तीस दिवसांत. ते लिहितील ते मी दोन्हीकडे लावीन."

ता.क. २. तर एक दाखला हवाय. तुमच्या दुकानाच्या कागदावर, सही आणि शिक्क्यासह. मजकूर तुम्हाला पाठ आहे. अकरा वर्षं तुम्ही तो गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना आणि विजेचं मीटर बघायला येणाऱ्याला ऐकवला: याला काही येत नाही. एवढंच लिहून द्या. मला अजून शिकायचंय असं ठरेल आणि इथलं एक वर्ष वाढेल. आपल्या भाषेत लिहिलंत तरी चालेल, इथे भाषांतर करून मिळतं. फक्त भाषांतरवाला शब्दाला शब्द ठेवतो, तेव्हा कृपा करून 'गाढव' लिहू नका. जनावरांचा अर्ज वेगळ्या खिडकीवर घेतात.

ता.क. ३. उलट, याला येतं असं लिहिलंत तर कामाचा अर्ज मंजूर होईल. पण मग तो पट्टा मिळण्याआधीची दोन वर्षं नियमाप्रमाणे मला तुमच्या दुकानात काढावी लागतील. म्हणजे तुम्ही कौतुक केलंत तर मी परत येणार आणि नाव ठेवलंत तर इथे राहणार. असा नियम करणाऱ्याला मामा असणार.

ता.क. ४. मामीने अबोल्याचं कारण शेवटी सांगितलं. तुमचा उजवा हात थरथरतो, गेल्या महिन्यात दोन कवळ्या परत आल्या, आणि तिने एका गिऱ्हाइकाला भाचा येईपर्यंत थांबा म्हटलं म्हणून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. मी हे तुम्हाला सांगणार नाही असं तिला वचन दिलंय, तेव्हा हा ता.क. वाचला नाही असं समजा. मी इकडे येण्याच्या आधीच्या आठवड्यातलं एक मात्र आठवतं. मी लावलेले दात तुम्ही नेहमी मेणातून उपटून पुन्हा लावायचात. त्या दिवशी उपटले नाहीत. बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "राहू दे, आज घाई आहे." त्या दिवशी दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून दुसरा ता.क. मागे घेतो. खरं काय असेल ते लिहा.

ता.क. ५. लिहिताना हात थरथरला तर मामीकडून लिहून घ्या, पण सही तुमचीच हवी. आणि काहीही लिहिलंत तरी दुकानातली माझ्या टेबलासमोरची ती खिडकी पुसून ठेवा. बाहेरच्या बाजूनेही.